निरोप कुणाचा, जबाबदारी कुणाची?

(कसबा बावडा इथे बचत गटांतल्या आणि आसपासच्या वस्त्यांतल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

बावड्यात बोलायचं म्हटलं की मला आधी राजाराम बंधारा आठवतो. पावसाळ्यात आपण सकाळी उठल्या उठल्या एकच विचारतो, "किती फूट झालं?" ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरीलाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा घर सोडायचं की थांबायचं हे माणसं या आकड्यावर ठरवत होती. या आकड्यावर आपण विश्वास का ठेवतो? कारण तो कुणीतरी मोजलेला असतो. किती वाजता मोजला ते सांगितलेलं असतं. आणि चुकला तर जाब विचारायला एक कार्यालय असतं. आज मोबाइलवर दिवसभर जे येऊन पडतं, त्याला मोजणारा नसतो, वेळ नसते आणि जाब देणाराही नसतो.

तर आजचा विषय हा आहे. समाजमाध्यमांवरून खोटी माहिती पसरते, तिच्यामुळे माणसं मरतात, मुलींची आयुष्यं उद्ध्वस्त होतात. ती आवरायची जबाबदारी कुणाची? कंपनीची, सरकारची, पोलिसांची, गटाच्या अ‍ॅडमिनची, की आपली?

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी मी माझी स्वतःची चूक सांगणार आहे.

२०२२ चा सप्टेंबर. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी बेदम मारलं होतं. त्याच दिवसांत मला एक निरोप आला. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, टोळीत बायका आहेत, त्या काहीतरी विकायच्या निमित्तानं दारात येतात, वगैरे. मी तो वाचला आणि आपल्या बायकांच्या गटावर पुढे पाठवला. वर स्वतःचे दोन शब्द जोडले, "काळजी घ्या गं." मला वाटलं, मी माझं काम केलं. कार्यकर्ती आहे ना मी!

दुसऱ्या दिवशी एका गल्लीत सुया-बिब्बे विकणारी एक बाई आली. कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. गल्लीतल्या बायकांनी तिला अडवलं. पिशवी उलटी केली. आणि मग एकीनं विचारलं, "हे पोर तुझंच कशावरून?" विचार करा, भर रस्त्यात एका आईला ती आई असल्याचा पुरावा मागितला. पोर रडायला लागलं तर, "बघा, तिच्याकडं राहत नाही," असंही कुणीतरी म्हणालं. पुरुष गोळा व्हायला लागले होते. नशीब, तिथल्या एका म्हाताऱ्या मावशींनी तिला ओळखलं. "अगं, ही दहा वर्षं येतीया हितं," असं ओरडत त्या मधे उभ्या राहिल्या म्हणून ती बाई वाचली. सांडलेल्या सुया तिनं एकेक करून वेचल्या आणि पैसे न मागता निघून गेली.

नंतर मी चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या बायकांनी निरोप वाचला होता तो आपल्याच गटावर. माझ्या "काळजी घ्या गं"सकट. अनोळखी नंबरावरून आला असता तर कदाचित त्यांनी तो वाचलाही नसता. पण "ताईंनी पाठवलाय" म्हटल्यावर तो खरा झाला. म्हणजे त्या खोट्याला पत मी दिली.

ती बाई वाचली. धुळे जिल्ह्यातले पाच जण वाचले नाहीत. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडी बाजाराचा दिवस. बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतले पाच पुरुष भिक्षा मागायला तिथं गेले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा आधीपासून मोबाइलवर फिरत होत्या. जमावानं त्या पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं ठार केलं. त्या वर्षी देशभर जी चित्रफीत फिरली, त्यात मोटारसायकलवरून आलेले दोघं एक मूल उचलून नेतात. ती होती पाकिस्तानातली, कराचीतली. मुलांना जपा हे सांगण्यासाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघं मूल परत आणून देतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. आणि कापलेली चित्रफीत गावोगाव माणसं मारत फिरली.

त्याच दिवशी मालेगावातही लहान मूल असलेल्या एका कुटुंबाला जमावानं घेरलं होतं. तिथं स्थानिक माणसांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस जमावापुढे उभे राहिले, आणि ते कुटुंब वाचलं. अफवा तीच आणि दिवसही तोच. फरक एवढाच की मालेगावात मधे उभं राहणारं कुणीतरी होतं.

आता जबाबदारीकडे येऊ. पहिली कंपनी.

कंपन्या म्हणतात, आम्ही पोस्टमन आहोत. पत्रात काय लिहिलंय त्याला आम्ही जबाबदार नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, २००० सालच्या कायद्याचं, ७९ वं कलम त्यांना हेच संरक्षण देतं. ते मुळात चुकीचं नाही. पोस्टमननं प्रत्येक पत्र फोडून वाचावं असं आपण तरी म्हणू का? नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बाई आपल्या बहिणीला लिहिते, ते पत्र कुणी वाचावं असं आपल्याला वाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप मधे कुणाला वाचता येत नाहीत, ही सोय बायकांच्याही कामाची आहे.

पण हा पोस्टमन साधा नाही. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्रामवर कुठलं पत्र आधी दाखवायचं, कुणाला दहा वेळा दाखवायचं, हे त्यांचं यंत्र ठरवतं. आणि माणूस जितका जास्त वेळ बघत बसेल तितकी जाहिरात विकली जाते. राग आणणारी, भीती घालणारी गोष्ट माणूस जास्त बघतो. पत्र निवडून, त्याच्या हजार प्रती काढून, प्रत्येक प्रतीमागे पैसे घेणाऱ्याला आपण पोस्टमन म्हणायचं का? बाजारात भेसळीचं तेल विकणारा म्हणाला, "मी बनवलं नाही, फक्त विकलं," तर आपण त्याला सोडतो का?

आणि कंपन्यांना काही करता येत नाही हे खरं नाही. राईनपाडा आणि तशाच इतर घटनांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे ढकलला गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे निरोप ७० टक्क्यांनी कमी झाले, असं कंपनीनंच सांगितलं. लक्षात घ्या, यासाठी कुणाचं पत्र उघडावं लागलं नाही. कुणी खरं-खोटं ठरवलं नाही. फक्त ढकलण्याचा वेग कमी केला. मग प्रश्न येतो की हे आधी का नाही केलं? माणसं मरेपर्यंत वाट का बघितली?

दुसरा मुद्दा भाषेचा. २०२१ साली फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीचे आतले कागद बाहेर आणले. खोटी माहिती ओळखण्यासाठी कंपनी जो वेळ खर्च करते, त्यातला ८७ टक्के अमेरिकेसाठी राखलेला होता, असं त्या कागदांतून बाहेर आलं. आणि अमेरिकेतले वापरणारे होते दहातले एक. कंपनी म्हणाली की हा हिशेब अपुरा आहे, बाहेरच्या तपासनीसांचं काम त्यात धरलेलं नाही. ठीक आहे. पण मग पूर्ण हिशेब द्या! मराठीत आलेल्या तक्रारी किती, त्या वाचणारी मराठी येणारी माणसं किती, किती तक्रारींवर काय केलं, हे आम्हाला सांगा. बायकांना दिल्या जाणाऱ्या शिव्या, टोमणे, गावातल्या आडून बोलण्याच्या तऱ्हा, हे यंत्राला कळत नाही. ते आपल्या माणसालाच कळतं.

आता दुसरी जबाबदारी, सरकारची. आपल्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात, "ताई, कडक कायदा करा, एकदा चार जणांना आत टाका, मग बघा." मलाही राग आला की असंच वाटतं. पण पालघरची गोष्ट विसरू नका.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीनं त्याला पसंती दिली, नुसती पसंती. दोघींनाही अटक झाली. त्यांच्यातल्या एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. अटकेसाठी जी कलमं लावली त्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. त्रासदायक, अपमानकारक काही पाठवलं तर तुरुंग, असं ते कलम. पुढे दोन पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, खटला मिटला. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम न्यायालयानं रद्द केलं. कलम झालं होतं गुन्हेगारांसाठी आणि सापडल्या कोण? प्रश्न विचारणाऱ्या दोन तरुण मुली. मैत्रिणींनो, "त्रासदायक" हा शब्द कायद्यात घातला की पहिली त्रासदायक बाईच ठरते. आपण मोर्चा काढतो तेव्हा आपणही त्रासदायकच असतो.

दुसरं उदाहरण. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला की सरकारच्या कारभाराबद्दलची कुठली माहिती खोटी आहे हे सरकारनेच नेमलेला तपासणी कक्ष ठरवेल. विनोदकार कुणाल कामरा आणि काही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. तिसऱ्या न्यायमूर्तींनी, अतुल चांदूरकर यांनी, २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरवला. साधी गोष्ट आहे. रेशनवर धान्य आलं नाही असं आपण म्हणायचं आणि ते खरं की खोटं हे रेशन खात्यानेच ठरवायचं, हा कुठला न्याय? सरकारनं आपली बाजू जरूर मांडावी, आकडे लावावेत, बंधाऱ्याच्या फुटांसारखे वेळेसकट लावावेत. पण स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये.

आणि तिसरं उदाहरण आपल्या कोल्हापूरचं. ६ जून २०२३, शिवराज्याभिषेकाचा दिवस. काही मुलांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून वातावरण तापलं. ७ जूनला बंदची हाक दिली गेली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, दुकानं फोडली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला. मग जिल्ह्यातलं इंटरनेट बंद केलं. ते स्टेटस कसं होतं यावर मी इथं वाद घालत नाही. मी विचारते, मूठभर मुलांच्या मोबाइलवरचं चित्र एका रात्रीत हजारोंच्या मोबाइलवर कुणी नेलं? चौकात जमा असं सांगणारे निरोप कुणी ढकलले? आणि इंटरनेट बंद झालं तेव्हा खोटं थांबलं का? तोंडी अफवा सुरूच राहिल्या, उलट खरी बातमी बघायची सोय गेली. शिकवणीला गेलेली पोरगी कुठं अडकली हे आईला कळेना, आणि हातावर पोट असणाऱ्या, मोबाइलवर पैसे घेणाऱ्या भाजीवालीचा धंदा बसला. ज्या शहरात गोविंद पानसरे आयुष्यभर लोकांत जाऊन इतिहास समजावून सांगत राहिले आणि ज्या शहरात फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या शहरात इतिहासावरून स्टेटस आणि दगड यांची देवाणघेवाण व्हावी, हे मला फार लागलं.

म्हणून माझं म्हणणं असं. सरकारनं खरं-खोटं ठरवू नये. सरकारनं इजा थांबवावी. हिंसेची चिथावणी, बाईची बदनामी, तिची छायाचित्रं, धमक्या, यांवर कारवाई करण्यासाठी कायदे आहेत. ते वापरले जात नाहीत, ही तक्रार आहे. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जमावाच्या हत्यांबद्दल निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी यासाठी नेमा असं सांगितलं. तो अधिकारी कोण, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

कारवाई टाळली तर काय होतं तेही बघा. जुलै २०२१ मध्ये मुस्लिम बायकांची छायाचित्रं चोरून त्यांचा "लिलाव" मांडणारं एक अ‍ॅप निघालं. दिल्लीत गुन्हा नोंदला, पण सहा महिने अटक नाही. १ जानेवारी २०२२ ला तसंच दुसरं अ‍ॅप निघालं. या वेळी मुंबई पोलिसांनी चार दिवसांत आरोपी पकडले, आणि त्यानंतर आधीच्या अ‍ॅपचा माणूसही सापडला. म्हणजे शोधता येत होतं. पकडलेल्यांत एक तरुण मुलगीही होती, हे आपण विसरू नये. बाईची विटंबना करायला बाईचाही हात लागतो.

तिसरी जबाबदारी अ‍ॅडमिनची. गोंदिया जिल्ह्यात एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकानं एका बाईबद्दल घाणेरडं लिहिलं. तिनं तक्रार केली की अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही. अ‍ॅडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. सभासद काय लिहील हे अ‍ॅडमिनला आधी कळत नाही, दोघांचा मिळून कट नसेल तर त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. कायदा म्हणून मला हे पटतं. नाहीतर उद्या आपल्या गटावर कुणीतरी मुद्दाम काहीतरी टाकेल आणि तुरुंगात आपली अ‍ॅडमिन जाईल. पण गुन्हा नाही म्हणजे कर्तव्य नाही, असं होत नाही. आपल्या ओसरीवर बसून कुणी बाईची निंदा करायला लागला तर घरमालकीण त्याला "उठ इथनं" म्हणते. तिच्यावर तसा कायदा नाही, तरी म्हणते.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे आज उभी आहे ती सांगते. नाव, गाव काही सांगणार नाही.

माझ्या ओळखीतली एक मुलगी, कॉलेजात शिकणारी. वर्गातल्या मुलाबरोबर बसस्टॉपवर उभी असतानाचा तिचा फोटो कुणीतरी काढला. मुलगा दुसऱ्या धर्माचा. फोटोखाली लिहिलं, "आपली आणखी एक मुलगी फसली," आणि तो भावकीच्या गटावर टाकला. तिथून तो पंचवीस गटांवर गेला. दोघांचं एकत्र काम होतं ते कॉलेजनं दिलेल्या प्रकल्पाचं. फोटो खरा, वरची ओळ खोटी. नाशिकमध्ये २०२१ साली असंच झालं होतं. दोन्ही घरांच्या संमतीनं ठरलेल्या आंतरधर्मीय लग्नाची पत्रिका मोबाइलवर फिरवली गेली आणि घरच्यांना ठरलेला समारंभ रद्द करावा लागला. पत्रिका खोटी नव्हती. तिच्यावर मारलेला "जिहाद"चा शिक्का खोटा होता. म्हणून फक्त "माहिती खरी का?" एवढं विचारून भागत नाही. ही माहिती कुणाबद्दल आहे, आणि ती पसरवायचा अधिकार तुला कुणी दिला, हेही विचारायला हवं.

त्या मुलीसाठी आम्ही दारोदार फिरलो. कंपनीकडे तक्रार केली, तर दोन दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं की हे आमच्या नियमांविरुद्ध नाही. मराठी ओळ त्यांच्याकडे कुणी वाचली होती की नाही, देव जाणे. पोलिसांकडे गेलो, तर साहेब म्हणाले, "घरच्या घरात मिटवा, मुलीचंच नाव खराब होईल." अ‍ॅडमिनकडे गेलो. ते म्हणाले, "वहिनी, मी नावालाच अ‍ॅडमिन, मला गट चालवायला वेळ कुठंय?" प्रत्येकाची जबाबदारी दुसऱ्यावर होती.

आणि शेवटी जबाबदारी कुणी घेतली माहितीये? तिच्या बापानं आणि भावानं. त्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला आणि तिचं कॉलेज बंद केलं. मैत्रिणींनो, आपल्या समाजात खोट्या माहितीवरचा उपाय हा असा असतो. पसरवणारा मोकळा आणि जिच्याबद्दल पसरवलं ती कोंडलेली. कंपनी, सरकार, पोलीस, अ‍ॅडमिन यांनी आपापलं काम केलं नाही की ती पोकळी घरातली पुरुषसत्ता भरून काढते, आणि वर म्हणते, "तुझ्याच भल्यासाठी." म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या जाणकारांवर सोडून चालणार नाही. हा बाईच्या शिक्षणाचा, फिरण्याचा, मैत्रीचा प्रश्न आहे.

मग करायचं काय? माझं म्हणणं, ज्याच्या हातात जितकी सत्ता, त्याच्यावर तितकी जबाबदारी. आणि क्रम वरून खाली. कंपनीची पहिली, कारण यंत्र तिचं आणि नफाही तिचा. सरकारची दुसरी, पण इजेपुरती आणि न्यायालयाच्या नजरेखाली. अ‍ॅडमिनची तिसरी. आपली चौथी. आपली कमी आहे, पण शून्य नाही.

कंपनीकडे आपण मागायचं ते मराठीत तक्रार घेणारी माणसं, मराठीत उत्तर आणि वर्षाचा हिशेब. काही हक्क आपल्याला आधीच आहेत. २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. बाईचं नग्न किंवा खाजगी छायाचित्र, किंवा तिचा चेहरा जोडून बनवलेलं खोटं छायाचित्र असेल तर तिनं किंवा तिच्या वतीनं दुसऱ्या कुणीही तक्रार केली की ते २४ तासांत काढायचं, असं त्या नियमांत घातलं. पुढे ही मुदत आणखी कमी झाली. कंपनीनं ऐकलं नाही तर वर अपील करायला २०२३ पासून समित्या आहेत. आम्हाला त्या वेळी हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्या पहिल्या इंग्रजी उत्तरावर आम्ही थांबलो नसतो.

पोलिसांकडे जाताना एकटीनं जायचं नाही. निरोप रागानं पुसून टाकायचा नाही. त्याचं छायाचित्र काढून ठेवायचं, पाठवणाऱ्याचा नंबर, गटाचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवायची. हद्द आमची नाही असं सांगितलं तर सांगायचं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर बायका-मुलांबद्दलच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. पैशाची फसवणूक असेल तर १९३० नंबर.

आणि आपल्या गटांचं? इथं मला हेरवाड आठवतं. आपल्याच शिरोळ तालुक्यातलं गाव. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्या महिन्यातच राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. कुणी वरून हुकूम दिला नव्हता. गावानं आपल्या अंगणातली जबाबदारी उचलली. मग प्रत्येक बचत गटानं, प्रत्येक ग्रामसभेनं एक ठराव करायला काय हरकत आहे? आमच्या गटावर कुठल्याही मुलीचा फोटो तिच्या संमतीशिवाय येणार नाही. आला तर अ‍ॅडमिन तो त्याच दिवशी काढेल आणि टाकणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारेल. भीती घालणारा निरोप आला तर आधी पोलीस ठाण्यात किंवा आशाताईंना, शिक्षकांना विचारायचं, मगच पुढे. आणि चुकलं तर ज्या गटावर चूक पाठवली त्याच गटावर, तितक्याच ठळकपणे, "मी चुकले" असं लिहायचं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. मी अनुभवानं सांगते. त्या बिब्बेवालीनंतर मला "मी चुकले" एवढे दोन शब्द गटावर लिहायला चार दिवस लागले. वाटलं, आपली पत जाईल, बायका पुन्हा ऐकणार नाहीत. झालं उलटं. त्यानंतर गटावर काही आलं की कुणीतरी विचारतंच, "ताई, हे कुठनं आलं?" आता माझ्या निरोपालाही विचारतात, आणि मला ते आवडतं.

त्या कॉलेजच्या मुलीचं काय झालं, असं तुमच्या मनात असेल. आठ महिन्यांनी तिच्या आईनं नवऱ्यापुढे ठाम उभं राहून तिला पुन्हा प्रवेश घेऊन दिला. एक वर्ष बुडालं ते बुडालं. फोटो अजून कुठल्या कुठल्या मोबाइलमध्ये आहे. ज्यानं ती ओळ लिहिली त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

ती बिब्बेवाली मात्र त्या गल्लीत पुन्हा आली नाही. मी तिला बाजारात दोनदा शोधलं. तिच्यासारख्या दुसऱ्या बायकांना विचारलं, तर त्या माझ्याकडे बघून पिशव्या आवरायला लागल्या. तुमच्यापैकी कुणाच्या दारात ती आली, तर तिला बसवा, पाणी द्या आणि मला कळवा. तिची माफी मागायची राहिली आहे, आणि ती मोबाइलवरून मागता येणार नाही.